मास्तर आणि त्यांचे समोरचे

आमच्या सासऱ्यांनी शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला शिकवली, पण पोटच्या थोरल्या मुलाला काही त्यांना शिकवता आलं नाही. तो मुलगा म्हणजे माझा नवरा. "दिव्याखाली अंधार असतो हे ऐकून होतो," ते म्हणायचे, "पण आमच्याकडे दिव्याखाली खड्डा आहे, आणि हा गाडी नेमकी त्यातच घालतो."

त्यांना सगळे मास्तर म्हणत. विद्यार्थी म्हणत, शेजारी म्हणत, दूधवाला म्हणे, आणि रागावल्या की सासूबाईसुद्धा म्हणत, "मास्तर, जेवायचं असेल तर उठा." मी त्यांना बाबा म्हणायची, ते मला सूनबाई.

ड्रायव्हिंग स्कूल काढण्याआधी बरीच वर्षं ते एका दवाखान्याची रुग्णवाहिका चालवत होते. मागे झोपलेल्या माणसाशी गाडी चालवता चालवता सारखं बोलत राहायचं, त्याला हसवायचं, ही त्यांची रीत. "हसता हसता कोणी मरत नाही, निदान माझ्या गाडीत तरी नाही," असं त्यांचं म्हणणं. एकदा एका बाईचं बाळंतपण त्या गाडीतच झालं. मुलगा झाला. त्या बाईने पुढे ओळख ठेवली, त्यामुळे तो पोरगा मोठा होऊन वाहतूक पोलीस झाला हे मास्तरांना माहीत होतं. एके दिवशी त्याने मास्तरांचीच गाडी चौकात अडवली. शिकाऊ बाईंनी लाल दिवा ओलांडला होता. मास्तरांनी काच खाली केली आणि म्हणाले, "अरे, तुझ्या जन्माच्या दिवशी मी सगळे लाल दिवे तोडत आलो, तेव्हा बरं अडवलं नाहीस?" पोरगा हसला आणि पावती फाडलीच. मास्तर ती पावती घेऊन छाती फुगवून घरी आले. "कर्तव्यदक्ष निघाला," म्हणाले. "शेवटी माझ्या गाडीत जन्मलाय."

रुग्णवाहिका सोडली त्याचं कारण ते एकच सांगायचे: लोकांना दवाखान्यात पोचवून कंटाळा आला, आता त्यांना दवाखान्यात जावंच लागू नये असं काहीतरी शिकवावं. घराच्या खालच्या मजल्यावर रस्त्याकडची खोली होती. तिथे त्यांनी स्कूल थाटलं. एक लांब बाक, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते, आणि कोपऱ्यात भंगारातून आणलेली गाडीची सीट, तिच्यापुढे लाकडी चौकटीत बसवलेले तीन पेडल. नवा विद्यार्थी आला की आधी त्या सीटवर बसून नुसते पाय चालवायचे. बाहेर उभी असायची ती दोन ब्रेकची गाडी. शिकणाऱ्याच्या पायाखाली एक ब्रेक, शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाखाली दुसरा. सासूबाई म्हणायच्या, "यांच्या गाडीला दोन ब्रेक आहेत आणि तोंडाला एकही नाही."

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा रस्ता ओलांडायलासुद्धा घाबरायची. दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी होती, तिथे बसने जायची, आणि बसमध्येही डोळे मिटून बसायची. हे मास्तरांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. एका रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "चला सूनबाई, जरा जाऊन येऊ." मला वाटलं, बाजारात जायचं असेल. बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या मोकळ्या मैदानात त्यांनी गाडी थांबवली, उतरले, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाले, "सरका."

"बाबा, मला नाही जमायचं."

"तुमच्या नवऱ्यालाही जमत नाही. घरात एकाला तरी जमलं पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील मास्तरांची विद्या बाहेरच्यांनीच लुटली."

मी स्टिअरिंग असं आवळून धरलं होतं की बोटं पांढरी पडली. ते शांतपणे म्हणाले, "ते कुठे पळून जाणार नाही. त्याला कुठे जायचंय? जायचंय आपल्याला." मी ब्रेक दाबला आणि दोघंही काचेवर आपटता आपटता वाचलो. "ब्रेक लावायचाय, सूनबाई, विंचू मारायचा नाही." मी गिअरकडे बघायला लागले, तर म्हणाले, "त्याच्याकडे बघू नका, तो लाजतो. रस्त्याकडे बघा." मी हसले, आणि त्या हसण्यात गाडी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कधी पोचली ते मला कळलंच नाही. मागे वळून बघितलं तर भीती तिकडेच राहिली होती.

लोकांना त्यांचे विनोद आठवतात. मला त्या विनोदांच्या खालचा माणूसही आठवतो. रात्रपाळी करणाऱ्या नर्सला शिकायचं होतं, म्हणून ते पहाटे दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे. एका विधवा बाईंना मालवाहू टेम्पो चालवून पोट भरायचं होतं. त्यांच्या दिरांनी येऊन मास्तरांना दम दिला, की बायकांना हे असलं शिकवायचं नाही. मास्तर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. तुम्ही त्यांना जन्मभर सांभाळा, मी शिकवणं थांबवतो." दीर निघून गेले ते परत आले नाहीत. बाईंचा टेम्पो अजून रस्त्यावर आहे.

आता समोरच्यांबद्दल सांगायला हवं.

आमच्या दाराच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, आणखी एका गृहस्थांनी ड्रायव्हिंग स्कूल काढलं होतं. घरात त्यांचं नाव कोणी घेत नसे. ते "समोरचे". त्यांनी पाटी लावली: लवकर शिका. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आपली पाटी रंगवून घेतली: सावकाश शिका, बराच काळ चालवा. तिथून जे जुंपलं ते वर्षानुवर्षं. समोरचे विद्यार्थ्यांना सांगायचे, "तिकडे जाल तर विनोद शिकाल, गाडी इथे शिका." मास्तर सांगायचे, "त्यांच्याकडचा विद्यार्थी लगेच ओळखू येतो. गाडी पुढे आणि तो मागून पळत." समोरचे उंच, सडसडीत, कडक इस्त्रीचा सदरा घालणारे. हसताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. समोरासमोर आले की दोघं एकमेकांना मान लववून नमस्कार करत आणि तोंड वळताच सुरू होत.

मग समोरच्यांची बायको गेली. मूलबाळ नव्हतंच. पुढच्याच वर्षी घरमालकाने जागा रिकामी करून मागितली, आणि त्या गडबडीत ते न्हाणीघरात घसरून पडले. कमरेचं हाड मोडलं. दवाखान्यात पडून होते आणि पाहायला येणारं कोणी नव्हतं. हे मला लॅबमध्ये कळलं, मी घरी येऊन सांगितलं. मास्तरांनी पेपर खाली ठेवला आणि चपला घातल्या.

"कुठे निघालात?" सासूबाईंनी विचारलं.

"बघून येतो जिवंत आहे का. नसला तर इतक्या वर्षांचं भांडण अर्धवटच राहायचं."

त्यानंतर ते रोज जाऊ लागले. डबा घेऊन जायचे, आणि परत आले की आज काय भांडण झालं ते रंगवून सांगायचे. एक दिवस दुपारी दारात गाडी थांबली. मास्तर उतरले आणि त्यांनी हात धरून समोरच्यांना उतरवलं. कुबड्या, एक बॅग, आणि तोच इस्त्रीचा सदरा, आता अंगावर लोंबणारा. सासूबाईंना काहीच विचारलेलं नव्हतं. त्यांनी मास्तरांना स्वयंपाकघरात ओढलं.

"हा काय प्रकार आहे?"

"मागची खोली रिकामीच आहे ना."

"ज्याला उभ्या जन्मात चांगलं म्हटलं नाहीत त्याला घरात ठेवणार?"

"म्हणून तर. आता भांडायला रस्ता ओलांडावा लागणार नाही. या वयात रहदारी फार धोक्याची."

सासूबाई खूप रागावल्या. पण त्यांनी मागच्या खोलीतल्या पलंगावर धुतलेली चादर घातली आणि उशीखाली दुसरी उशी ठेवली, कमरेला बरं पडावं म्हणून. समोरचे उंबऱ्यातच उभे होते. म्हणाले, "वहिनी, चार दिवसांत जातो." सासूबाई म्हणाल्या, "आधी बसा तरी." ते चार दिवस काही संपले नाहीत. हाड जुळलं, कुबड्या गेल्या, समोरच्यांनी आपली जुनी गाडी आमच्याच फाटकात आणून लावली आणि ते घरातलेच झाले. माझी मुलगी त्यांना समोरचे आजोबा म्हणे. शाळेत बाईंनी विचारलं, म्हणजे समोर राहतात का? ती म्हणाली, "नाही, मागच्या खोलीत."

दोघांचं भांडण काही थांबलं नाही. फक्त आता ते जेवणाच्या टेबलावर आलं.

मास्तर सत्तरी ओलांडून गेले तरी शिकवतच होते. मग हळूहळू काही गोष्टी माझ्या लक्षात येऊ लागल्या. पेपर नाकाशी यायला लागला. चहा ओतताना कपाच्या बाहेर सांडायचा. गाडी फाटकाच्या खांबाला घासली, तर म्हणाले, "हा खांब जरा पुढे आलेला दिसतो." आम्ही हसलो. खांबाला दुसऱ्यांदा घासली तेव्हा कोणी हसलं नाही.

मग एक सकाळ आली. मला कामावर सोडायचं म्हणून त्यांनी विद्यार्थ्याला दवाखान्याच्या रस्त्याने गाडी घ्यायला सांगितली होती. मी मागे बसले होते. चौकात सरळ समोरून एक सायकलवाली मुलगी रस्ता कापत आली. मला दिसली, विद्यार्थ्याला दिसली, आणि त्याने करकचून ब्रेक लावला. मुलगी वाचली, पुढे निघूनही गेली. पण मी मास्तरांच्या पायाकडे बघत होते. त्यांचा पाय हललाच नव्हता. त्यांना ती मुलगी दिसलीच नव्हती.

"शाबास," ते विद्यार्थ्याला म्हणाले. त्यानंतर दवाखान्यापर्यंत एक शब्द नाही. त्या माणसाला मी इतका वेळ गप्प कधी पाहिलं नव्हतं. मला त्या सायकलपेक्षा त्या गप्प बसण्याची धास्ती जास्त बसली.

घरी मी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने धाकट्या भावाला फोन केला, नणंद सांगावा मिळताच येऊन थडकली. मास्तर खाली असले की वर आमची कुजबुज चाले. गाडी त्यांचा जीव की प्राण. ती काढून घेतली तर माणूस खचेल, नाही काढून घेतली तर कोणाचा तरी जीव जाईल. इकडे आड तिकडे विहीर. दीर म्हणाला, किल्ली लपवू. नणंद म्हणाली, गाडी बिघडली म्हणून गॅरेजला पाठवू आणि परतच आणायची नाही. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "त्यांना फसवायचं नाही. माणसाला म्हातारपण सोसवतं, पण घरचे खोटं बोलायला लागले की ते सोसवत नाही."

"मग सांगणार कोण?"

कोणीच पुढे येईना. मग सगळ्यांना समोरच्यांची आठवण झाली. ते मागच्या खोलीत सदऱ्याला इस्त्री करत होते. नणंदेने हात जोडले, "काका, तुम्ही सांगा ना. तुम्ही तर त्यांना काहीही बोलू शकता."

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "आयुष्यभर मी त्यांना सांगत आलो की तुम्हाला गाडी येत नाही," ते म्हणाले. "आता ते खरं व्हायला लागलंय तर माझं तोंड उघडत नाही."

शेवटी मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं काम माझ्याकडे आलं. कारण काय, तर माझ्यावर ते रागावत नाहीत. रविवारी मी म्हटलं, "बाबा, चला, जरा जाऊन येऊ. गाडी मी चालवते." ते शेजारच्या सीटवर बसले. मी गाडी त्याच गिरणीमागच्या मैदानाकडे घेतली. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. एकही जुळेना.

मैदानाच्या अलीकडेच ते म्हणाले, "क्लचवर पाय ठेवून चालवताय, सूनबाई. म्हणजे काहीतरी बोलायचंय."

मी गाडी बाजूला घेतली. "बाबा, त्या दिवशी चौकात..."

"दिसली नाही मला ती पोर," ते म्हणाले. "मी दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. नजरेचा मधला भाग चाललाय. आजूबाजूचं दिसत राहील, समोरचं नाही." मग म्हणाले, "समोरचे दिसणार नाहीत, एवढीच काय ती त्यात चांगली बातमी."

मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"शिकवण्याचं लायसन्स परत करून आलो," ते म्हणाले. "मी माझी परीक्षा घेतली. सपशेल नापास. फेरपरीक्षा नाही."

"पण एकटे कसे गेलात?"

"एकटा कुठे? समोरचे होते ना. त्यांच्याच गाडीतून गेलो. जाताना आणि येताना त्यांच्या गिअर बदलण्यावर जे बोलायचं ते बोलून घेतलं."

मी थक्क झाले. "म्हणजे त्यांना माहीत होतं? आणि आम्ही त्यांच्या हातापाया पडत होतो!"

"मीच सांगितलं होतं बोलू नका म्हणून. वर तुमची बैठक इतकी रंगात आली होती. मला बघायचं होतं, शेवटी कोणाला पाठवताय." ते खिडकीबाहेर बघत होते. "तुम्हीच याल असं मी म्हटलं होतं. समोरचे म्हणत होते तुमची नणंद येईल."

छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं मला झालं. किती दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला. मग मी विचारलं, "बाबा, भीती वाटते का?"

"अंधुक दिसण्याची नाही वाटत," ते म्हणाले. "तुम्ही सगळे माझ्याशी हळू आवाजात, जपून बोलायला लागाल, त्याची वाटते. रुग्णवाहिकेत फार पाहिलंय ते. माणूस जिवंत असतो आणि नातेवाईक त्याच्याशी फोटोशी बोलावं तसं बोलतात. तेवढं करू नका."

"नाही करणार."

"मग आता क्लचवरून पाय काढा आणि घरी चला. भूक लागलीय."

घरी सगळे दाराशीच उभे होते, तोंडं एवढीशी करून. मास्तर उतरले आणि म्हणाले, "सूनबाईंनी मला नोकरीवरून काढलं. जेवायला वाढा." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि त्यांनी पदराने डोळे पुसत त्यांना सुनावलं, "बरं झालं. आता घरात लक्ष द्या जरा." नणंद हसता हसता खुर्चीत बसली. समोरचे मात्र कोणाच्या नजरेला नजर देईनात.

उरलेल्या विद्यार्थ्यांना समोरच्यांनीच आपल्या गाडीवर शिकवून पुरं केलं. मास्तर सगळ्यांना सांगत सुटले, "इतकी वर्षं टपून बसले होते, शेवटी माझे विद्यार्थी पळवलेच!"

त्यानंतरही ते बरीच वर्षं जगले, आणि चांगले जगले. आम्ही दिलेला शब्द पाळला. कोणी त्यांच्याशी हळू बोललं नाही. मीठ समजून साखर घेतली तर पहिली हाक माझ्या मुलीची, "आजोबा, रस्ता चुकलात!" समोरचे त्यांना पेपर वाचून दाखवायचे आणि मधूनमधून मनाच्या बातम्या घालायचे. मास्तर ओळखायचे, पण लगेच सांगायचे नाहीत. आधी खोट्या बातमीवर गंभीरपणे चर्चा करायचे, समोरच्यांना पार तोंडघशी पाडेपर्यंत. रोज संध्याकाळी जुना विद्यार्थी कोणी ना कोणी यायचा, त्यांना गाडीतून फिरवून आणायचा. शेजारी बसून ते सूचना देणं काही सोडत नसत.

ते गेले एका दुपारी, जेवण झाल्यावर. ते आणि समोरचे दारापुढे काढलेल्या बाकावर ऊन खात बसले होते. चढावर गाडी थांबली तर आधी काय करावं यावर वाद चालला होता. समोरच्यांनी एक मुद्दा ठासून मांडला आणि वाट पाहिली. उत्तर आलं नाही. ते नंतर मला म्हणाले, "मी जिंकलो असं कधी झालंच नव्हतं, म्हणून मला तेव्हाच कळलं."

त्यांना वेदना झाल्या नाहीत, दवाखाना नाही, नळ्या नाहीत. या गोष्टीचं आम्हाला किती हायसं वाटलं ते सांगताना आधी लाज वाटायची, आता वाटत नाही. भेटायला इतकी माणसं आली की जिन्यापर्यंत रांग होती. येताना तोंड पाडून येत, मग कोणीतरी त्यांचा एखादा किस्सा काढी, आणि खालच्या खोलीतून हसण्याचा आवाज वरपर्यंत येई. एक अनोळखी बाई मला म्हणाल्या, "चुकीच्या घरी आले की काय असं वाटलं." मी म्हटलं, "नाही, बरोबर आलात."

गर्दी ओसरल्यावर एक दिवस मी मागच्या खोलीत गेले तर समोरच्यांची बॅग पलंगावर उघडी होती. सदरे घडी घालून ठेवलेले.

"हे काय, काका?"

"ज्यांनी आणलं ते गेले," ते म्हणाले. "आता मी इथे कोणाच्या नात्याचा?"

मी सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, बॅगेकडे पाहिलं, समोरच्यांकडे पाहिलं.

"कुठे निघालात?"

"बघतो वहिनी, कुठेतरी."

"या घरात सगळे त्यांचं कौतुक करतात," सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं कौतुक. पन्नास वर्षं मी त्या माणसाबरोबर संसार केला, मला माहीत आहे ते काय होते. तुम्ही गेलात तर त्यांच्याबद्दल चार वाकडे शब्द बोलायला मला कोण राहील?"

समोरच्यांचा चेहरा हलला. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच मनापासून हसताना पाहिलं. हसता हसता ते पलंगावर बसले आणि चष्मा काढून पुसायला लागले.

"त्यांना रिव्हर्स कधीच नीट यायचा नाही," ते म्हणाले.

"मला ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि बॅगेतले सदरे काढून एकेक कपाटात लावू लागल्या. मी स्वयंपाकघरात येऊन चहाचं आधण ठेवलं, तिघांपुरतं. मागच्या खोलीतून त्या दोघांचा आवाज येत होता, आणि कितीतरी दिवसांनी तो चढा होता.